दोघांपुरती जागा

हिंदी सिनेमात मुंबई आली रे आली, की पहिला शॉट कुठला? सी-लिंक! ड्रोन वरून उडत येणार, खाली केबल्सचा तो पांढरा पंखा, मागे दणदणीत म्युझिक आणि मग गाडीतून हिरो. वांद्रे-वरळी सी-लिंक २००९ साली सुरू झाला, तेव्हापासून हे चालूच आहे. त्याआधी हेच काम व्हीटी स्टेशन आणि मरीन ड्राइव्हचे दिवे इमानेइतबारे करायचे. पुलाशी माझं काही वाकडं नाहीये. पण सकाळी ८.१२ पकडणारी किती माणसं रोज सी-लिंकवरून जातात हो? आपली मुंबई म्हणजे लोकलच्या दारातली वीतभर जागा, चौथी सीट आणि भाड्याच्या फ्लॅटमधला तिसरा रूममेट.

त्यामुळे मी एक साधी टेस्ट ठरवून टाकली आहे. मुंबईवरचा सिनेमा बघताना बघायचं, की यातल्या दोन माणसांना निवांत बोलायचं झालं तर ती जातात कुठे? समुद्रासमोरच्या टेरेस फ्लॅटवर जात असतील, तर सिनेमा मुंबईत फक्त शूट झालाय असं समजावं. जागा शोधत वणवण फिरत असतील, तर तो अस्सल मुंबईचा.

गेले काही महिने मी अशाच सिनेमांच्या मागे लागलोय. काही थिएटरात पाहिले, काही लॅपटॉपवर, दोन-तीन तर पुन्हा एकदा. आणि बघून झालं की रविवारी उठून त्या त्या भागात चक्कर मारून यायची. याला लोकेशन टूरिझम वगैरे भारी नाव देऊ नका. ‘इथे अमुक उभा होता’ म्हणून सेल्फी काढण्यात मला रस नाही. मला बघायचं होतं ते एवढंच, की पडद्यावरच्या त्या दोघांना जिथे जागा मिळाली (किंवा नाही मिळाली), तिथे आज काय आहे.

स्वयंपाकघरातला संसार

सुरुवात जुन्यापासून केली. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ १९७० चा. त्यावरूनच बासू चॅटर्जींनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ केला, जया भादुरी आणि अनिल धवनला घेऊन. गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असेल. मोकळ्या घरातली मुलगी लग्न होऊन चाळीतल्या खोलीत येते. नव्या जोडप्याच्या वाट्याला येतं स्वयंपाकघर. आता स्वयंपाकघर म्हणजे रात्री कुणाला तहान लागली की झालंच! बाहेर पत्त्यांचा डाव रंगलेला, आत दोघं भांड्यांच्या मांडणीखाली श्वास रोखून. आपण हसतो, पोट धरून हसतो. पण बघता बघता मला हसण्याची जरा लाजच वाटायला लागली. कारण ही दोघं नवरा-बायको आहेत, कायद्यानं, समाजानं, सगळ्यांनी मान्य केलेली. तरी त्यांना दार लावायची सोय नाही.

शेवट गोड आहे. घरातली सगळी माणसं या दोघांसाठी आपापलं बस्तान हलवायला तयार होतात, मुलीचं मन वितळतं आणि ती राहते. रुमालबिमाल काढावा असा सीन. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. माणसं बदलली, खोली तेवढीच राहिली! उद्या रात्री पुन्हा कुणाला तरी तहान लागणारच आहे.

पाचच वर्षांनी आलेला ‘घरौंदा’ (१९७७) मात्र असला गोडवा ठेवत नाही. भीमसेन यांचा सिनेमा, अमोल पालेकर, झरिना वहाब आणि डॉ. श्रीराम लागू. एका ऑफिसातली दोन माणसं, दोघंही कमावती, लग्न करायचं ठरलेलं. अडलंय कशावर? घरावर. मग पै-पै जोडून नव्या इमारतीत फ्लॅट बुक करतात, अर्धवट बांधकामात जाऊन आपला संसार कुठे मांडायचा ते ठरवतात आणि एके दिवशी बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. इथपर्यंत ओळखीचं आहे. पुढे जे होतं ते अंगावर काटा आणणारं आहे. हिरोच हिरॉइनला सुचवतो, की आजारी असलेल्या श्रीमंत साहेबाशी तू लग्न कर, तो काही फार दिवस जगणार नाही, मग घर आपलंच!

मला विचाराल तर मुंबईवरचा सगळ्यात भीतिदायक सिनेमा हाच. भुताखेतांचे सिनेमे याच्यापुढे बच्चे. अमोल पालेकरचा तो नेहमीचा साधा, आपल्यातला वाटणारा चेहरा, आणि त्या चेहऱ्यातून आलेला हा प्रस्ताव. व्हिलन असता तर सोपं झालं असतं. इथे तर तो आपल्या बाजूच्या डेस्कवरचा कलीग आहे. बिल्डरांना वेसण घालणारा रेरा कायदा संसदेत मंजूर झाला २०१६ मध्ये, म्हणजे ‘घरौंदा’नंतर ३९ वर्षांनी. ऑफिसमधल्या एका मित्रानं नुकताच विरारच्या पुढे फ्लॅट बुक केलाय. त्याला हा सिनेमा बघ म्हणालो, तर म्हणाला, ‘पझेशन मिळाल्यावर बघतो.’

समुद्राकडे तोंड, शहराकडे पाठ

ज्यांना स्वयंपाकघरही नाही, त्यांच्यासाठी मुंबईनं मरीन ड्राइव्हचा कट्टा ठेवलाय. चर्चगेटला उतरून पाच मिनिटं चाललं की आलाच. संध्याकाळी सहानंतर तिथे नुसते बघत चाला. जोडप्या-जोडप्यांमध्ये जवळजवळ सारखं अंतर असतं, जणू महापालिकेनं पट्ट्या मारून दिल्यात. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे आणि पाठी शहराकडे. समोर काही बघण्यासारखं असतं असं नाही, ओहोटी असली तर वासच जास्त. पण समुद्रात ओळखीचं कुणी नसतं! मागून सहा लेनचा ट्रॅफिक, चणेवाले, जॉगिंगवाले, कुत्री फिरवणारे, टुरिस्ट आणि सगळ्यांच्या मधोमध हे दोघं एकटे. पावसाळ्यात वर एक छत्री आली की खोली तयार. छत्री मोठी असेल तर वन बीएचके.

बासूदांच्याच ‘छोटी सी बात’मध्ये (१९७६) पालेकर-विद्या सिन्हा भेटतात बसस्टॉपवर, आणि बसायला जातात जहांगीर आर्ट गॅलरीतल्या ‘समोवार’मध्ये. काळा घोड्याला गेलात तर गॅलरी जागेवर आहे, चित्रं आहेत, ‘समोवार’ मात्र २०१५ च्या मार्चमध्ये बंद झालं. एका चहावर कितीही वेळ बसा, कुणी उठवणार नाही अशी ती जागा होती. आता कॉफी शॉपमध्ये दोघांची कॉफी घेतली की तीन-चारशे रुपये गेले, आणि तासाभरानं तो पोरगा हसत हसत विचारतोच, ‘सर, एनिथिंग एल्स?’ हा मुंबईतल्या एकांताचा तासाचा रेट.

तिथून गेट वेपर्यंत चालत गेलो, रितेश बत्राच्या ‘फोटोग्राफ’साठी (२०१९). नवाझुद्दीन गेट वेवर टुरिस्टांचे फोटो काढतो आणि सान्या मल्होत्रा सीए करणारी मध्यमवर्गीय मुलगी. खरं सांगू? दुसऱ्यांदा पाहूनही मला तो फारसा चढला नाही. दोघंही इतकं हळू आणि इतकं कमी बोलतात, की मधेच वाटतं यांना बोलायचंच नसावं. तरी एक गोष्ट पटली. दोघं सिनेमाला जातात ते जुनं थिएटर, पायाखालून उंदीर पळतोय आणि तरी जायचं, कारण अंधार आणि दोन खुर्च्या एवढं दुसरीकडे कुठे मिळणार? सिंगल स्क्रीन थिएटरं बंद पडली की आपण पडदा, साउंड, वास्तुकला यांबद्दल गळा काढतो. बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेबद्दल कुणी लिहीत नाही. दादरचं ‘चित्रा’ २०१९ च्या मे महिन्यात बंद झालं, तेव्हा अशा किती रांगा एका दमात गेल्या असतील!

डब्याच्या झाकणाखाली

बत्राचा आधीचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) ही मात्र वेगळीच चीज. मी किती वेळा पाहिला याचा हिशेब ठेवणं सोडलंय. इरफान खान एका सरकारी ऑफिसात क्लेम्स बघणारा साजन फर्नांडिस, निमरत कौर नवऱ्याचं लक्ष नसलेली इला. डबा चुकून भलत्याच टेबलावर जातो आणि चिठ्ठ्या सुरू होतात. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे आन्टी आपल्याला दिसतच नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज येतो आणि खिडकीतून टोपली खाली सुटते. (बाई पडद्यावर एकदाही न येता भाव खाऊन गेल्यात!) डबेवाल्यांची ख्याती अशी की चूक होतच नाही. सिनेमातला डबेवालाही इलाला तेच ठणकावून सांगतो, हार्वर्डवाले आमचा अभ्यास करून गेले म्हणून. आणि अख्खा सिनेमा उभा आहे तो त्या न होणाऱ्या एका चुकीवर.

पूर्वी मला ही प्रेमकथा वाटायची. या वेळी पाहताना ती जागेची गोष्ट वाटली. साजनला उभ्या शहरात कुणाशी मनातलं बोलायला जागा नाही. ऑफिसात फायली, लोकलमध्ये गर्दी, घरी बायकोच्या आठवणी आणि जुन्या सीरियलच्या टेप्स. गॅलरीत सिगरेट ओढत तो समोरच्या घरातलं जेवणाचं टेबल बघत उभा राहतो, तर तिथली छोटी मुलगी खिडकीच लावून घेते. आणि मग त्याला जागा सापडते ती कुठे, तर पोळ्यांच्या डब्यात, घडी घातलेल्या कागदावर. एका चिठ्ठीत तो स्मशानभूमीतल्या जागेबद्दल लिहितो. बायकोला आडवी जागा मिळाली, मला उभी देऊ केली. आयुष्यभर ट्रेन-बसमध्ये उभा राहिलो, आता मेल्यावरही उभंच! थिएटरात या जागी लोक हसतात. कल्याणहून येणारा माझा मित्र हसला नव्हता.

साजन राहतो वांद्र्याच्या जुन्या ख्रिश्चन वस्तीत. तो माहोल बघायचा असेल तर हिल रोडवरच्या खरेदीला फाटा देऊन रानवार गावठाणात शिरा. लाकडी जिने, उतरती कौलं, कोपऱ्यावरचे क्रॉस, आणि लगेच पुढच्या वळणावर डिझायनर बुटीक. तासाभरात फिरून होतं. माझा जीव जास्त रमला तो माटुंग्याला. किंग्ज सर्कलचं ‘कुलर’ हे इराणी हॉटेल, जिथे इला साजनची वाट बघत बसते. पाणी पिते, पुन्हा पिते. साजन येतो, लांबच्या टेबलावर बसतो, तिला बघतो आणि न बोलता निघून जातो. त्याला त्या दिवशी कळलेलं असतं की आपण म्हातारे झालो.

मी गेलो तेव्हा दुपार होती. चहा आणि ऑम्लेट मागवलं. पलीकडच्या टेबलावर कॉलेजमधली दोघं एक बन मस्का अर्धा अर्धा करून खात होती आणि मोबाइलवर काहीतरी बघत होती. इराण्यांच्या हॉटेलांत माणूस सहज एकटा बसू शकतो, कुणी ‘एकच का?’ असं विचारत नाही. साजनसारख्या माणसाला लपायला यापेक्षा बरी जागा दिग्दर्शकाला सापडली नसती. मुंबईत अशी हॉटेलं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, तेव्हा माटुंग्याला गेलात तर डोशाच्या रांगेत उभं राहण्याआधी इथे डोकावून या.

जाता जाता चैतन्य ताम्हाणेच्या ‘द डिसायपल’बद्दलही सांगून टाकतो. २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचं बक्षीस मिळालं त्याला. शास्त्रीय संगीत शिकणारा शरद रात्री रिकाम्या रस्त्यांवरून, उड्डाणपुलांवरून सावकाश मोटरसायकल चालवतो, कानात हेडफोन, त्यात माईंचं बोलणं. आवाज सुमित्रा भावे यांचा. मुंबईत एका माणसाला पूर्ण एकांत हवा असेल तर तो रात्री एक वाजता उड्डाणपुलावर मिळतो, हे बाइक चालवणाऱ्या कुणालाही विचारा. सिनेमा संथ आहे हे मान्य. पण ते बाइकवरचे सीन मी रिवाइंड करकरून पाहिले.

घर मिळालं, पण...

विक्रमादित्य मोटवानेच्या ‘ट्रॅप्ड’चा (२०१७) हिरो म्हणजे थेट आपणच. ऑफिसात काम करणारा शौर्य, मैत्रिणीशी लग्न करायचंय, त्यासाठी घाईघाईत भाड्याचं घर हवंय. बजेट हे एवढंसं. मग एक एजंट त्याला प्रभादेवीच्या बाजूला एका टोलेजंग इमारतीत फ्लॅट देतो, जी पूर्ण रिकामी आहे. चावी दाराबाहेर राहते, दार लागतं आणि राजकुमार राव आत. पाणी नाही, वीज नाही, मोबाइल डेड. खाली लाखो माणसं आणि त्याची हाक कुणालाच ऐकू येत नाही. वॉचमनलाही नाही!

मधला भाग ताणलाय, आणि काही ठिकाणी ‘आता हा अमुक करेल’ हे आपण आधीच ओळखतो. तरी आयडिया जबरदस्त आहे. ‘पिया का घर’मध्ये माणसं जास्त आणि खोली कमी होती. पंचेचाळीस वर्षांनी खोल्याच खोल्या आहेत आणि माणूस एकच. मुंबईत घर शोधणाऱ्या प्रत्येकाचं स्वप्न काय असतं? उंच मजला, मोकळी हवा, शेजाऱ्यांची कटकट नाही. घे म्हणावं!

लोअर परळ ते प्रभादेवी हा पट्टा एकदा पायी चालून बघा, ऑफिसला जाताना चालतो तसा नाही, मान वर करून. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि बहुतेकांच्या घरी पुन्हा गिरणीचा पगार आला नाही. आज त्या जागांवर मॉल, पब, कॉर्पोरेट पार्क आणि टॉवर्स. तुमचं-माझं ऑफिसही त्यातल्याच एखाद्या आवारात असण्याची दाट शक्यता आहे. माझं आहे. कँटीनच्या खिडकीतून एक जुनी चिमणी दिसते. नव्यानं जॉइन झालेली मुलं तिच्याकडे बोट दाखवून ‘कसलं कूल आहे ना!’ म्हणतात. आणि खरंच, फोटोत ती कूल दिसते.

पार्वतीचं घर आणि प्रभाचा कुकर

आता ज्या सिनेमासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला, त्याकडे येतो. पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’. मे २०२४ मध्ये कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री मिळालं. कानच्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा जाण्याची ही तीस वर्षांतली पहिली वेळ, त्याआधी १९९४ मध्ये शाजी करुण यांचा ‘स्वहम्’ होता. पायल आपल्या पुण्याच्या एफटीआयआयची. भारतात सिनेमा सगळीकडे लागला २२ नोव्हेंबर २०२४ ला, आणि मी तो पाहिला लोअर परळच्या मॉलमध्ये, जिथे पूर्वी फिनिक्स मिल होती.

सुरुवातीलाच दादरचा बाजार. रात्रीची वेळ, टेम्पोतून उतरणारा माल, ट्यूबलाइटचा उजेड, आणि वर वेगवेगळ्या भाषांतले आवाज, मुंबईत कसे आलो ते सांगणारे. त्यातला एक सांगतो की इतकी वर्षं इथे राहूनही याला घर म्हणायला भीती वाटते, कधी निघावं लागेल सांगता येत नाही. पहिल्या पाच मिनिटांत मी खलास. इथे सी-लिंक नाही, ड्रोन नाही. कॅमेरा माणसाच्या उंचीवर, म्हणजे गर्दीत आपले डोळे असतात तिथेच.

तीन बायका. प्रभा आणि अनू या मल्याळी नर्सेस, एका खोलीत राहणाऱ्या. प्रभाचा नवरा लग्न करून जर्मनीला गेलाय आणि त्याचा फोनही येत नाही. अनूचा मुसलमान मित्र शियाज. आणि हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये काम करणारी पार्वती, आपली छाया कदम. पार्वती गिरणी कामगाराची विधवा. बिल्डरला तिची खोली हवी आहे आणि तिच्याकडे ती आपली असल्याचा एकही कागद नाही. वीस-पंचवीस वर्षं राहिली, पण कागद नाही म्हणजे ती तिथे नव्हतीच! एका रात्री दोघी जणी बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात आणि पळतात. छाया कदम तिथे जे हसतात, त्या हसण्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल.

सिनेमा संपवून बाहेर आलो तर मॉलच्या दारातून समोर दिसलं काय? टॉवरचं होर्डिंग. स्विमिंग पूल, टाय घातलेला बाप, पांढऱ्या कपड्यांतली आई. माझ्या आजूबाजूचे सगळे एकदम गप्प झाले होते. मग कुणीतरी म्हणालं, ‘दगड आहे का रे?’ आणि सगळे हसले. आम्ही पार्किंगकडे गेलो.

अनू आणि शियाज ही माझ्या टेस्टची सगळ्यात अवघड केस. लग्न झालेलं नाही, धर्म वेगळा, दोघंही दुसऱ्यांच्या खोलीत राहणारे. सिनेमाभर ती जागा शोधत असतात. बस, बाजार, मैदानाचा अंधारा कोपरा. एकदा त्याचं घर रिकामं असणार म्हणून ती बुरखा विकत घेऊन निघतेसुद्धा, आणि मुंबईचा पाऊस सगळ्यावर पाणी ओततो. लोकल बंद म्हणजे प्रेमही बंद. ज्यांनी पावसात स्टेशनवर तीन-तीन तास काढलेत त्यांना यात सिनेमॅटिक काही वाटणार नाही, हे रोजचं आहे.

प्रभाकडे जर्मनीहून एक राइस कुकर येतो, चिठ्ठी नाही, नाव नाही. रात्री ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून त्या लालभडक कुकरला मिठी मारते. कनी कुसृती हा सीन असा करते, की कुणालाही हसू येत नाही. चोपन्न वर्षांपूर्वी ‘मुंबईचा जावई’तल्या जोडप्याला स्वयंपाकघर मिळालं होतं आणि एकांत नव्हता. प्रभाला एकांत मिळालाय, मिठी मारायला कुकर.

दादरच्या त्या बाजारात मी पहाटे गेलो होतो. फुलांचे ढीग, झेंडूचा तो ओला वास, चिखल, ‘ए बाजू, बाजू!’ आणि डोक्यावर पाटी घेऊन धावणारी माणसं. परत येताना नवी भुयारी मेट्रो घेतली. आरे ते कफ परेड अख्खी लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. एसी, स्वच्छ, झटपट, काही तक्रार नाही. पण खिडकीबाहेर नुसता काळोख! प्रभा लोकलच्या डब्यात उभी राहून बाहेर बघते तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून शहराचे दिवे सरकत जातात. पुढच्या पिढीच्या दिग्दर्शकांनी हा शॉट घ्यायचा कुठे?

कोकणात कसला आलाय एकांत!

अर्ध्यानंतर सिनेमा रत्नागिरीकडे निघतो. पार्वती मुंबई सोडून गावी जाते आणि दोघी तिला पोचवायला सोबत जातात. उजेडच बदलतो, निळ्यातून एकदम सोनेरी. समुद्र, झाडी, दगडी कोरीव मूर्ती असलेली गुहा. शियाजही मागोमाग येतो आणि अनूला इथे शेवटी हवी ती जागा मिळते. परदेशी समीक्षक या भागावर फिदा आहेत. दिसतोच तो तसा.

पण मी अर्धा कोकणी माणूस. मला खुर्चीत चुळबुळ व्हायला लागली. अहो, कोकणातल्या गावात दोन अनोळखी पोरं-पोरी गुहेत जातात आणि कुणाला पत्ता लागत नाही? आमच्याकडे एसटीतून उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत तीन जण विचारतात, ‘कुणाकडचे?’ संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी, आणि रात्री मुंबईला फोन. चाकरमान्याला गावात अंगण मिळतं, माजघर मिळतं, पडवी मिळते. एकांत? नाव काढू नका. पायलनं गावाला मुंबईचं औषध म्हणून वापरलंय आणि तिथे सिनेमा मला थोडा खोटा वाटला. शेवटचं ते किनाऱ्यावरचं दिव्यांच्या माळांचं टपरीवजा हॉटेल, तिथे बसलेली ही चार माणसं मात्र पटली. ती काही गाव नाही, शहरही नाही. तिथे कुणी कुणाला काही विचारत नाही.

गावाबद्दलचं खरं उत्तर मला नंतर दुसऱ्याच सिनेमात मिळालं. रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’. २०२५ मध्ये सनडान्सला गेलेला पहिला मराठी सिनेमा, आणि जाऊन वर्ल्ड सिनेमा विभागातलं ग्रँड ज्युरी प्राइज घेऊन आला. आपल्याकडे १९ सप्टेंबर २०२५ ला लागला. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद (भूषण मनोज) वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी येतो. दहा दिवस अनवाणी राहायचं, अमुक खायचं नाही, तमुक करायचं नाही. आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तेच विचारणार, ‘लग्नाचं काय?’ बाप गेलाय, पिंडदान बाकी आहे आणि नातेवाईकांना मुलगी दाखवायची घाई! हे इतकं अचूक आहे की शेजारची बाई पुटपुटली, ‘अगदी आमचे काका.’

आनंदला मुलींशी लग्न करायचं नाहीये. आईला हे माहीत आहे, आणि ती त्याच्यासाठी नातेवाईकांना थापा मारत राहते. जयश्री जगताप या आईच्या भूमिकेत जे करतात, ते बघाच. गावातला बाळ्या (सुराज सुमन) हा त्याचा लहानपणचा दोस्त. त्याच्यामागेही लग्नाचा लकडा लागलाय. आता गंमत बघा. ज्या गावात एक पोरगा आणि एक पोरगी पारावर दोन मिनिटं बोलली तर बोभाटा होतो, तिथे हे दोघं दिवसभर रानात शेळ्यांमागे हिंडतात, झाडाखाली पडतात आणि कुणाच्या डोळ्यावर येत नाही. दोन पुरुष बरोबर असले तर गावाला त्यात बघण्यासारखं काही वाटतच नाही. त्यांना एकांत मिळतो तो गावाला दिसत नाही म्हणून, आणि दिसत नाही ते गाव तसा विचारच करत नाही म्हणून. लग्न ठरेपर्यंतच चालणारी ही सवलत आहे, हे दोघांनाही ठाऊक आहे. अनू-शियाजची गुहा मला खोटी वाटली होती. हे झाड खरं वाटलं.

सिनेमाला पार्श्वसंगीत नाही म्हटलं तरी चालेल. पाखरं, वारा, लांबून एखादी हाक. एसी मल्टिप्लेक्समध्ये बसून दहा मिनिटांत माझा कॉर्पोरेट मेंदू शांत झाला, मोबाइल बघायची सवयही गेली. काही लोकांना तो फार सावकाश वाटेल. ज्यांनी वडलांचं दिवसकार्य केलंय त्यांना नाही वाटणार, ते दहा दिवस तसेच जातात.

साबर बोंडं म्हणजे निवडुंगाची लाल फळं. वरून बारीक काटे, आत गोड, खाल्ली की जीभ रंगते. बाळ्या ती आनंदसाठी शोधून आणतो, काटे काढून.

मी गेलो तो रात्रीचा शो होता. हॉलमध्ये आम्ही सगळे मिळून अकरा जण. मागच्या रांगेत दोन मुलगे बसले होते, मध्ये पॉपकॉर्नचा डबा. टायटल्स सुरू झाल्या, दिवे लागले, तरी कुणी उठलं नाही. साफसफाईवाला झाडू घेऊन दारात उभा राहिला होता.

‘पुढचा शो आहे का?’ मी विचारलं.

‘नाही साहेब, हाच लास्ट. बसा की.’

आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला.